विचारलं की सांगू

माझ्या बायकोनं अकरा वर्षं मला दवाखान्यात सोबत नेलं नाही. दाढ काढायची असो, डोळे तपासायचे असोत की नुसता ताप असो, ती दुबलगुंडीला माहेरी निरोप धाडायची आणि तिचा थोरला भाऊ हातातलं काम टाकून, दोन बस बदलून माझ्या नोकरीच्या गावी, कोहिनूरला हजर व्हायचा. मी घरात असायचो, धडधाकट असायचो, कित्येकदा शाळेला सुट्टीही असायची. तरी ती म्हणायची, "तुमी बसा. अण्णा यायलाय." आणि मी बसायचो. आपल्या बायकोचा आपल्यावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न माणसानं कुणाला विचारायचा असतो ते मला अजून कळलेलं नाही. बायकोला तर विचारता येत नाही.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पत्र आलं की आधी लिफाफ्याचा डिंक बघतो, मग आतलं वाचतो. वर्गात दोन पोरांची एकच चूक सापडली की दोघांनाही उभं करतो. बरणी भरून तेल देणारा वाणी हसून बोलला की त्या दिवशी मी तेलाचा वास दोनदा घेतो. मास्तर झालो नसतो तर पोलीस झालो असतो, असं बायको म्हणायची. पूर्वी ती हे हसून म्हणायची.

माझा जन्म उदगीरकडचा. आम्ही लहान असताना उदगीर काय आणि कोहिनूर काय, सगळं एकाच बीदर जिल्ह्यात होतं. मग राज्यं नव्यानं आखली गेली आणि माझं गाव तिकडे मुंबई राज्यात गेलं, नोकरी मात्र इकडे राहिली. मी मराठी शाळेतला मास्तर, पण पगार म्हैसूर राज्याचा. कन्नडची परीक्षा द्या, असे वरून कागद यायचे. मला त्यात डाव दिसायचा. आज परीक्षा घेतील, उद्या म्हणतील याला कन्नड येतं, करा बदली तुंगभद्रेपलीकडे, आणि मग मराठी शाळेला मास्तरच नाही म्हणून शाळा बंद. म्हणून मी परीक्षा टाळत होतो. मला यायचं ते बाजारातलं कन्नड. एष्ट, म्हणजे किती. जास्ती आयतु, म्हणजे फार झालं. कम्मी माडरी, म्हणजे कमी करा. इल्ल म्हणजे नाही. एवढ्यावर माझं भागत होतं. कन्नडमधून कुणी काही बोललं की ते किमतीविषयीच असणार, अशी माझ्या कानाला सवयच लागली होती.

बायकोच्या माहेरी दोन्ही भाषा चालायच्या. ती माझ्याशी मराठीत बोलायची आणि भाऊ आला की दोघं कन्नडमध्ये शिरायची. माझ्या कन्नडची तिकडे थट्टा व्हायची. एकदा पंगतीत मी ताक मागायला गेलो आणि काहीतरी भलतंच बोललो, तेव्हा सासऱ्यांपासून वाढणाऱ्या बायकांपर्यंत सगळे जेवण थांबवून हसले होते. मी काय बोललो होतो ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून सासुरवाडीला मी मुक्यानं जेवायचो.

लग्नाला सात वर्षं झाली होती तेव्हा तिच्या पोटात गाठ निघाली. जिल्ह्याच्या गावी एक दवाखाना होता, कुठला ते सांगत नाही. तिथला डॉक्टर हैदराबादचा. माझ्याशी दख्खनी उर्दूत बोलायचा, त्यामुळे त्याचा मला थोडा आधार वाटला. त्यानं पोट दाबून पाहिलं, गाठ वाईट दिसत नाही पण काढावी लागेल म्हणाला आणि तारीख दिली. हेडमास्तरनं आठ दिवसांची रजा दिली ती तोंड कडू करून. परीक्षा जवळ आल्या होत्या आणि शाळेत त्याच्याखाली आम्ही दोघेच मास्तर. "आठ म्हणजे आठ," तो म्हणाला, "नववा दिवस मागायला येऊ नका." मी त्याचाही हेतू तपासत घरी आलो.

निघायच्या आदल्या दिवशी बायको डोक्यावरून न्हाली. ऑपरेशननंतर किती दिवस पाणी लागू देणार नाहीत कुणास ठाऊक, म्हणून आमच्याकडे बायका हे करतातच. संक्रांत नुकतीच झाली होती. कमरेपर्यंतचे केस, ते वाळले नाहीत, आणि सकाळच्या गार वाऱ्यात आम्ही बस धरली. हुमनाबाद येईपर्यंत तिला शिंका सुरू झाल्या.

"पडसं झालंय वो मला," ती म्हणाली. "अण्णा म्हणत हुता, सर्दी आसली तर भूल देत न्हाईत म्हणून. डाक्टरला सांगावं लागंल."

"इचारलं की सांगूत," मी म्हणालो.

ती पदर नाकाला लावून खिडकीबाहेर पाहत राहिली. मीही बाहेर पाहत राहिलो, पण माझ्या डोक्यात आठ दिवस मोजणं चाललं होतं. जायला एक, दाखल व्हायला एक, अशी बोटं मी मांडीवर मुडपत होतो.

दवाखान्याबद्दल मला शाळेतल्या दुसऱ्या मास्तरनं तयार करून पाठवलं होतं. फाटकापासून हात पसरतात, म्हणाला. स्ट्रेचर ढकलणारा मागतो, पाणी देणारा मागतो, आणि नर्स तर वहीत लिहायच्या आधीच मागते, दिलं नाही तर पेशंट कोपऱ्यात पडून राहतो. त्याचा स्वतःचा अनुभव काही नव्हता, त्यानं कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. पण माझ्या स्वभावाला एवढं पुरे होतं. फाटकावरचा माणूस हसला तेव्हा मी मनात म्हणालो, सुरुवात झाली. वॉर्डातल्या पोऱ्यानं बसायला स्टूल आणून दिलं, त्यावर मी बसलोच नाही. आश्चर्य म्हणजे दोन दिवस कुणीच काही मागितलं नाही. मला ते जास्तच धोक्याचं वाटलं.

बायकोनं तोवर गरम पाण्याचा वाफारा घेतला होता. नाक थोडं मोकळं झालं होतं, पण आवाज बसला होता आणि छाती भरल्यासारखी वाटते म्हणत होती. ऑपरेशनच्या सकाळी एक नर्स वही घेऊन आली. म्हैसूरकडची असावी, कारण तिचं कन्नड आमच्या बाजारातल्या कन्नडपेक्षा मऊ आणि भरभर होतं. नाका-तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. तिनं बायकोला दवाखान्याचे कपडे दिले आणि पडद्याआड पाठवलं. मग माझ्याकडे वळून वही उघडली.

तिनं विचारलं, ज्वर? ते मला कळलं. मी म्हणालो, "ज्वर इल्ल." तिनं लिहिलं. मग काही खाल्लं आहे का, असं विचारलं असावं, कारण तिनं हात तोंडाकडे नेला. मी म्हणालो, "इल्ल." तेही लिहिलं. मग तिनं पेन थांबवलं आणि फडक्याआडून विचारलं,

"नगदी इदेया?"

म्हणजे नगदी आहे का. मला वाटलं, आली एकदाची. मी दोन दिवस ज्याची वाट बघत होतो ते हे. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं तसं तिनं पुन्हा विचारलं, "नगदी? नगदी?" आणि अंगठा आणि दोन बोटांची चिमूट करून तोंडासमोर चोळून दाखवली. भर दिवसा, चार खाटांवरची माणसं बघत असताना. तिचं धाडस बघून माझं डोकं फिरलं. आवाज चढवून मी म्हणालो, "इल्ल! नगदी इल्ल!"

ती दचकली. माझ्याकडे एकदा पाहिलं, खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. मला मोठा विजय मिळाल्यासारखं वाटलं. मी पडदा बाजूला सारून आत डोकं घातलं. बायको नाड्या बांधत उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"त्या बाईशी एक अक्षर बोलू नको," मी तिला बजावलं. "काही बी इचारू दे. समजलं?"

तिनं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. ऑपरेशनची भीती असेल, असं मी धरून चाललो. मग तिला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो.

बराच वेळ झाला. मग आतून कुणीतरी धावत बाहेर आलं, गाड्यावरचं लोखंडी नळकांडं ढकलत पुन्हा आत गेलं. दार उघडलं तेव्हा ईथरचा उग्र गोडसर वास बाहेर आला आणि कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. मी उठलो. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, नगदी दिली नाही म्हणून हे सोंग चाललंय. मला घाबरवायचं आणि मग हात पुढे करायचा. अर्धा तास मी या विचाराला धरून बसलो होतो. तेवढा वेळ माझी बायको आत श्वासासाठी झगडत होती.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. गाठ निघाली, त्यानं आधी सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला.

"इनको सर्दी थी, मास्टरसाब. सीना पूरा भरा हुआ है. बोले कायकू नै?"

भूल चढताना तिचा घसा आवळला होता. हवा आत जाईना. ओठ निळे पडले, नळी घालून कफ ओढून काढावा लागला, आणि थोडा वेळ तर, डॉक्टर म्हणाला, हात टेकायची पाळी आली होती. तरी माझ्या तोंडातून शब्द निघाला तो मास्तराचा.

"कुणी विचारलंच नाही," मी म्हणालो. "किसीने पूछाच नै."

डॉक्टरनं मला त्याच्या खोलीत नेलं आणि नर्सला बोलावलं. तिनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. तिचं हिंदी माझ्या कन्नडच्याच तोडीचं होतं. "हम पूछा," ती म्हणाली. "दो बार पूछा. ये इल्ल बोला."

मग मी भडकलोच. ही बाई खोटं बोलते आहे, म्हणालो. हिनं सर्दीचं नाव काढलं नाही. हिनं माझ्याकडे नगदी मागितली, बोटं चोळून मागितली, चार माणसांसमोर मागितली, आणि मी दिली नाही म्हणून आता माझ्यावर ढकलते आहे. मी लेखी अर्ज देणार आहे, म्हणालो.

डॉक्टरनं तिला कन्नडमध्ये विचारलं, काय विचारलं होतंस? तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मग एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या पोराला सांगावं तसं, माझ्याकडे बघत म्हणाली, "ने-ग-डी." आणि मघासारखी चिमूट केली. या वेळी तोंडावर फडकं नव्हतं. तिनं ती चिमूट नाकावर धरली.

"मास्टरसाब," डॉक्टर म्हणाला, "नेगडी बोले तो सर्दी. जुकाम." आणि तो हसला. एवढ्या दमलेल्या माणसाला हसू आवरेना, त्यानं टेबलावर डोकं टेकलं. नर्स हसली नाही. मी तिला काय समजलो होतो, हे तिला तोवर पुरतं कळलं होतं. तिनं वही मिटली, फडकं वर बांधलं आणि पेशंटकडे जाते म्हणून सांगितलं.

मी तिच्यामागे व्हरांड्यात गेलो. माफी मागायला गेलो होतो, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी हात जोडून तिला दुसरंच मागितलं. माझ्या बायकोला हे सांगू नका, म्हणालो. मोडक्यातोडक्या तीन भाषांतून सांगितलं. हे दुबलगुंडीला कळलं असतं तर त्या घरात मला जन्मभर पान वाढताना लोक हसले असते. मास्तराला सर्दी आणि नगदी यातला फरक कळत नाही! बायको पुढच्या खोलीत खरखर श्वास घेत पडली होती आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. नर्सनं मला खालीवर पाहिलं. "हेळल्ल," ती म्हणाली. सांगणार नाही. तो शब्द मात्र मला पहिल्या झटक्यात कळला.

तिनं शब्द पाळला. पुढे बायकोला ताप चढला, निमोनिया झाला, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. खोकला आला की पोटाचे टाके ओढले जायचे आणि ती ओठ चावून डोळे मिटायची. त्याच नर्सनं तिला उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवलं. तीच तिला कुशीवर वळवायची, पाठीवर हलके हलके थापट्या मारायची, आणि दोघी कन्नडमध्ये बोलायच्या. मी दाराशी उभा राहून कान द्यायचो. ही सांगतेय का? आत्ता हसल्या त्या कशाला? एवढं करूनही माझा संशय जात नव्हता. त्या बाईनं माझी एवढी मोठी चूक झाकून ठेवली आणि मी तिच्यावर पाळत ठेवत होतो. आठ दिवसांच्या रजेचा महिना झाला, हेडमास्तर काय म्हणाला ते सोडून देतो.

बायको घरी आली. हळूहळू कामाला लागली. पण ती बदलली होती. मी गोळी आणून दिली की ती कागद उलटसुलट करून बघायची आणि शेजारच्या कंपाउंडरच्या बायकोला दाखवून मगच घ्यायची. बस साडेनऊला आहे म्हणालो तर ती पुन्हा चौकात कुणाला तरी विचारायची. भांडली नाही, रुसली नाही, माझ्या ताटात कधी काही कमी पडलं नाही. फक्त माझ्या शब्दावर ती विसंबत नव्हती. आणि दवाखाना म्हटला की अण्णा.

मला वाटलं, भावानं कान भरले. काय भरले असतील? मी नाही नाही ते तर्क केले. तिला काही मोठा आजार आहे आणि दोघं माझ्यापासून लपवतात, असं एक वर्ष मानलं. तिच्या औषधांच्या बाटल्या उघडून वास घेतले. शेवटी त्या दोघांचं बोलणं कळावं म्हणून मी कन्नड शिकायला घेतलं. सरकारच्या कागदांनी जे झालं नाही ते संशयानं झालं. मुळाक्षरांपासून सुरुवात करून दोन वर्षांत मी परीक्षा पास झालो, बऱ्या मार्कांनी झालो. मग मेव्हणा आला की मी पेपर तोंडापुढे धरून ऐकायचो. म्हैस पान्हा सोडत नाही. लिंबाचं लोणचं यंदा कडू झालं. आईचे गुडघे धरलेत. बस, एवढंच. मला मात्र वाटायचं, मी बसलोय म्हणून असलं बोलतायत.

अशी अकरा वर्षं गेली. म्हैसूरचं कर्नाटक होऊनही बराच काळ झाला होता. बायकोच्या जुन्या टाक्यांच्या जागी पोट पुढे यायला लागलं. त्या वेळच्या खोकल्यानं आतली शिवण सैल झाली होती, आता पुन्हा उघडून शिवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाला. हा नवा डॉक्टर, नवा दवाखाना. तिनं नेहमीप्रमाणे दुबलगुंडीला निरोप धाडला. पण अण्णा बैलगाडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. दोन दिवस तिनं जाऊ दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमीच चला मग."

दवाखान्यात नंबर लावून आम्ही बाकावर बसलो. तिचे कागद माझ्या हातात होते. समोरच्या दारातून नर्स एकेकाला आत बोलावत होती आणि विचारपूस करून लिहून घेत होती.

"एक सांगू का?" बायको म्हणाली. "आज काही इचारलं तर खरं सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं सांगू नका."

"मी कवा खोटं सांगितलो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ सरळ पाहिल्याला कित्येक वर्षं झाली असतील. "मी पडद्याच्या आड हुते," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येत हुतं. नेगडी हाय का म्हणून तिनं दोनदा इचारली. तुमी ओरडून इल्ल म्हणलाव. मला पडसं झालंय ते तुमाला म्हाईत हुतं, बसमधी मीच सांगितले हुते. अन् वर मलाच म्हणलाव, त्या बाईशी एक अक्षर बोलू नको."

"मला वाटलं, मास्तरनं ठरवलंय. गाठ एकदाची काढून मोकळं व्हायचं. जगली तर जगली." ती हे शांतपणे म्हणाली. "तुमी न्हाई म्हणल्यावर मी व्हय कसं म्हणू? गेले आत तशीच."

अकरा वर्षं. गोळ्यांचे कागद, बसच्या वेळा, अण्णा. मी सगळ्या जगाला तपासत बसलो होतो आणि माझ्याच घरात, माझ्याच पाटाशेजारी बसून ही बाई माझ्याविषयी हे मनात धरून होती. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला मला सुटल्यासारखं झालं, कारण माझ्याजवळ याचं उत्तर होतं. साधं, स्वच्छ, खरं उत्तर. मी तिला सगळं सांगितलं. नगदी, चिमूट, डॉक्टर, वही, ने-ग-डी. लाज बाजूला ठेवून व्हरांड्यात हात जोडले तेही सांगितलं.

मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "नगदी?" ती म्हणाली. "नगदी इल्ल?" आणि ती हसायला लागली. पोट हातानं दाबून धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाकावरचे लोक बघायला लागले. मीही हसलो. मला वाटलं, संपलं. एवढ्याशा शब्दावर अडलेलं गाडं एकदाचं निघालं.

पदरानं डोळे पुसता पुसता ती थांबली.

"मग तुमच्या हिशेबानं तुमाला कुणी सर्दीचं इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई ना. तेच तर सांगायलोय."

"बरं. पण मला पडसं झालंय, हे म्हाईत हुतं."

"व्हय."

"डाक्टर तितंच हुता. तुमाला कळतंय तसं बोलणारा."

"व्हय."

"मग तुमी आपणहून कामून न्हाई सांगितलाव?"

विसरलो, असं म्हणता आलं असतं. तिनं ते कदाचित मानलंही असतं. पण मी विसरलो नव्हतो. वर सगळं लिहिताना मी एक गोष्ट गाळली आहे. तिला आत नेत होते तेव्हा स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं आणि ती शिंकली. दहा पावलांवर डॉक्टर नळाखाली हात धूत उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. जीभ हलवायचा अवकाश होता. आणि मी मनात म्हणालो, आता कशाला, इथवर आलोय, परत जायचं, परत तारीख, परत हेडमास्तर. मग मी बाकावर बसलो. तो शब्द मी चुकीचा ऐकला होता हे खरं. पण गप्प बसलो ते माझा मी.

"पुन्हा रजा मिळाली नसती," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "मला तेवढं तवाच म्हाईत हुतं."

दारातून नर्सनं तिचं नाव पुकारलं. तिनं माझ्या हातातले कागद घेतले, पदर सारखा केला आणि एकटीच आत गेली.